शितावरून भात? गुळगुळीत फलनाच्या विस्ताराबद्दलचा एक समज

वास्तव रेषेच्या एखाद्या उपसंचावर फलनाच्या किमती दिलेल्या आहेत. ते फलन सबंध रेषेवर गुळगुळीत राहील अशा रीतीने पुढे नेता येईल का, आणि आले तर किती तऱ्हांनी, हा विस्ताराचा प्रश्न. ज्याचे पहिला, दुसरा, तिसरा असे सगळे अवकलज निघतात आणि ते सगळे संतत असतात, ते फलन गुळगुळीत. पहिल्या म अवकलजांपुरतीच मागणी असेल तर त्याला येथे म-वेळा गुळगुळीत म्हटले आहे.

या प्रश्नाला बहुतेकांकडे तयार उत्तर असते. फलन जिथे दिले आहे तिथे त्याची वागणूक चांगली असेल, प्रत्येक बिंदूशी अवकलज निघत असेल, तर पुढे न्यायला अडचण कसली? आणि पुढे काय होणार हे तर हातातल्या तुकड्यातच ठरून गेलेले असते. शितावरून भाताची परीक्षा, तसा हा प्रकार. टेलर श्रेढी शिकून पदवीच्या वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी हे मनात धरूनच पुढे जातो. जुन्या भारतीय गणिताची थोरवी सांगणाऱ्या लिखाणातही ज्याकोष्टकांच्या निमित्ताने हाच समज वेगळ्या वेषात भेटतो. त्याची दोन अंगे आहेत, एक विस्तार असण्याबद्दलचे आणि दुसरे तो एकच असण्याबद्दलचे. दोन्ही चूक आहेत, पण चूक एकाच जागी झालेली आहे: फलनाची माहिती एकेका बिंदूत साठलेली असते, असे मानण्यात. ती असते बिंदूबिंदूंमधल्या फरकांत.

आधी एक पळवाट बंद करायला हवी. उपसंच सुट्या बिंदूंचा असेल तर तिथे अवकलज काढायचा कशाचा? ही अडचण टाळायला पाठ्यपुस्तके व्याख्याच अशी करतात: संचातल्या प्रत्येक बिंदूभोवती एक छोटा विवृत अंतराल आणि त्यावर एक गुळगुळीत फलन असे सापडावे, की संचाचा जेवढा भाग त्या अंतरालात येतो तेवढ्यावर ते दिलेल्या फलनाशी जुळेल. ही व्याख्या पत्करली की तुकडे एकत्र शिवणे सोपे असते. आपापल्या अंतरालाबाहेर शून्य होणारी आणि सगळी मिळून बेरीज १ भरणारी गुळगुळीत फलने घ्यायची आणि त्यांच्या वजनाने तुकड्यांची सरासरी काढायची. संच संवृत असला तर विस्तार सबंध रेषेवर पोचतो. नसला तर पोचेलच असे नाही: धन संख्यांवरचे १/क्ष हे फलन हवे तितके गुळगुळीत आहे, पण शून्याला ओलांडून ते जाऊ शकत नाही.

पण या व्याख्येने प्रश्न मिटला असे म्हणणे म्हणजे उत्तर आधीच खिशात घालून मग ते सापडल्याचे जाहीर करणे. प्रत्येक बिंदूभोवती विस्तार आहे हे धरून सगळीकडचा विस्तार मिळवला, एवढेच यात झाले. मुळात बिंदूभोवतीचा विस्तार आहे की नाही, हे दिलेल्या किमतींवरून ओळखायचे कसे, हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

समजाचे पहिले अंग मोडायला एक साधे उदाहरण पुरते. संच असा घ्यावा: शून्य, आणि १, १/२, १/३, १/४ असे न संपणारे अपूर्णांक. शून्याशी फलनाची किंमत शून्य. १/न या बिंदूशी किंमत एक भागिले न चा वर्ग. न सम असेल तर अधिक चिन्हाने, विषम असेल तर उणे चिन्हाने. नेमके सांगायचे तर १/१० शी किंमत १/१००, १/११ शी उणे १/१२१, १/१२ शी १/१४४, याप्रमाणे. शून्य सोडून बाकीचे सगळे बिंदू एकटे आहेत, तिथे तक्रार उद्भवतच नाही. राहिले शून्य. शून्यापासून १/न पर्यंतचा चढ निघतो १/न किंवा उणे १/न, आणि न वाढेल तसा तो शून्याकडे जातो. म्हणजे शून्याशी अवकलज आहे, आणि तोही शून्य. बिंदूंची एकेक करून झडती घेतली तर आक्षेपार्ह काही हाती लागत नाही.

आता लगतचे दोन बिंदू जोडीने पाहावेत. ०.१ शी किंमत ०.०१ आहे, ०.०९०९ शी उणे ०.००८२६. किमतींतला फरक ०.०१८२६, बिंदूंतले अंतर ०.००९०९. चढ २.००९. पुढची जोडी १/११ आणि १/१२ ची; तिथे चढ उणे २.००८. न कितीही वाढवला तरी या आकड्याचा आकार २ च्या खाली उतरत नाही, चिन्ह मात्र दर खेपेस उलटते. एखादा विस्तार आहे असे धरले, तर मध्यमान प्रमेयाप्रमाणे प्रत्येक जोडीच्या मध्ये कुठेतरी त्याच्या अवकलजाला हीच किंमत घ्यावी लागेल. शून्याच्या कितीही जवळ गेले तरी अवकलज २ च्या वर आणि उणे २ च्या खाली हेलकावे खातो, आणि प्रत्यक्ष शून्याशी मात्र तो शून्य. असा अवकलज संतत असू शकत नाही. सगळ्या अवकलजांची गोष्ट दूरच. हे फलन एकदासुद्धा गुळगुळीत रीतीने पुढे नेता येत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की उदाहरण ओढूनताणून आणलेले आहे, व्यवहारातली फलने अशी नसतात. हा आक्षेप काशीत तरी घेऊ नये. केंब्रिज आणि गटिंगेन येथे शिकून आलेले गणेश प्रसाद (१८७६–१९३५) वाराणसीत गणित शिकवत होते. १९१८ मध्ये त्यांनी तिथे बनारस मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन केली. वास्तव चलाची फलने हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता, आणि त्यांचे शिष्य अवधेश नारायण सिंह यांनी तर ज्यांना अवकलज नाही अशा फलनांवर ग्रंथच लिहिला; तो १९३५ मध्ये लखनौहून निघाला. ज्या वक्राला कुठेही स्पर्शिका नाही तो विकृत म्हणून बाजूला सारायचा नसतो, त्याच्याकडून गणिताने काहीतरी शिकायचे असते, ही जाण त्या मंडळींना होती. एखाद्या प्रमेयाच्या अटी खरोखर कुठे लागतात हे असल्या ‘विकृत’ उदाहरणांखेरीज दुसरे कोण दाखवणार?

शिवाय वरचे उदाहरण सुटे नाही. छेदात न च्या वर्गाऐवजी घन घातला तर फलन एकदा गुळगुळीत रीतीने पुढे नेता येते, पण दोनदा नाही. पाचवा घात घातला तर दोनदा येते, तीनदा नाही. गुळगुळीतपणाची प्रत्येक पायरी घातांकात दोनाची भर मागते, आणि त्याचे कारण १/न आणि पुढचा बिंदू यांतले अंतर साधारण १ भागिले न चा वर्ग इतके असते, हे. ई चा उणे न हा घात किंमत म्हणून घेतला, चिन्ह आलटून-पालटून तेच ठेवले, तर सगळ्या पायऱ्या चढून फलन पूर्ण गुळगुळीत होते. या सगळ्या उदाहरणांत शून्याशी अवकलज शून्यच निघतो. बिंदूकडे पाहणाऱ्याला यांच्यातला भेद दिसत नाही. फरकांकडे पाहणाऱ्याला तो लगेच मोजता येतो.

हीच गोष्ट हॅस्लर व्हिटनी याने १९३४ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ट्रँझॅक्शन्समधून प्रमेयाच्या रूपात मांडली. त्याचे साधन जुनेच होते, भागित फरकांचे. दोन बिंदूंवरच्या किमतींतला फरक भागिले त्या बिंदूंतले अंतर, हा पहिला भागित फरक. लगतच्या दोन पहिल्या फरकांतला फरक भागिले टोकाच्या बिंदूंतले अंतर, हा दुसरा. असे पुढे. व्हिटनी म्हणतो: संवृत संचावरचे फलन म-वेळा गुळगुळीत रीतीने रेषेवर पुढे नेता येते ते तेव्हाच, जेव्हा संचातले कोणतेही म+१ वेगवेगळे बिंदू संचाच्या एखाद्या सीमाबिंदूकडे गोळा होत गेले की त्यांच्यावरचा म-वा भागित फरक एका ठरावीक किमतीकडे जातो. अट पुरेशी आहे आणि आवश्यकही. तिच्यात अवकलज हा शब्दच नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. संचावर अवकलज आहे की नाही, हे आधी विचारावे लागत नाही. फरक नीट वागले तर अवकलज आपोआप हाती येतात. व्हिटनीने आणखी एक दाखवले: विस्तार असा निवडता येतो की संचाबाहेर तो नुसता गुळगुळीत नव्हे, वैश्लेषिकही, म्हणजे प्रत्येक बिंदूभोवती आपल्या टेलर श्रेढीइतकाच, असेल. पूर्ण गुळगुळीत विस्ताराबद्दल झाँ मेरियँ यांनी १९६६ मध्ये दाखवले की रेषेवर प्रत्येक म साठी विस्तार असेल, मग तो दर म ला वेगवेगळा का असेना, तर एकच पूर्ण गुळगुळीत विस्तारही असतो.

फरकांची ही भाषा काशीच्या ज्योतिषाला परकी नाही. मूळ गोदाकाठच्या गोलग्रामच्या घराण्यातल्या कमलाकराने १६५८ मध्ये काशीत ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. त्याच गोदाकाठच्या टोके गावच्या मराठी घराण्यातले बापूदेव शास्त्री (१८२१–१८९०) १८४२ पासून बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवत होते. १८५८ मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या जर्नलमध्ये त्यांनी भास्कराचार्यांना अवकलनाचे तत्त्व ठाऊक होते असा दावा मांडला. आधार होता ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार. १८६० मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये विल्यम स्पॉटिसवुड याने त्याला उत्तर दिले: साम्य वरवरचे नाही, चांगले खोल आहे, पण बापूदेवांनी दावा वाढवून मांडला आहे; अतिसूक्ष्म राशींचा विचार भास्करापाशी दिसत नाही. पुढच्या काळात या वादाचे एक सोपे रूप लोकांच्या तोंडी बसले. ते असे की ज्याकोष्टकातल्या फरकांतच अवकलज दडलेला आहे, कोष्टक हाती आहे म्हणजे वक्र हाती आहे. बापूदेवांनी असे म्हटलेले नाही. पण आज खोडून काढायचे आहे ते हेच.

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) एक छोटे कोष्टक आहे. त्रिज्या १२०, पावले दहा-दहा अंशांची. त्यातले ज्याखंड, म्हणजे लगतच्या ज्यांमधले फरक, असे: २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. बेरीज बरोबर १२०. दोन पावलांच्या मधली ज्या काढायला नियम दिला आहे: मागे पडलेला खंड आणि पुढचा खंड यांच्या बेरजेचे अर्धे घ्यावे, त्या दोहोंच्या फरकाला उरलेल्या अंशांनी गुणून २० ने भागावे आणि ते वजा करावे. मिळाला तो स्फुट भोग्यखंड. आता २४ अंशांची ज्या. वीस अंशांशी ज्या ४१, उरले ४ अंश. मागचा खंड २०, पुढचा १९. बेरजेचे अर्धे १९.५. फरक १, गुणिले ४, भागिले २०, म्हणजे ०.२. स्फुट खंड १९.३. दहा अंशांना १९.३ तर चार अंशांना ७.७२. ज्या ४८.७२. खरी किंमत ४८.८१. नुसते त्रैराशिक केले असते तर ४८.६० आली असती. हा नियम किती चांगला आहे हे यावरून कळते.

पण नियम प्रत्येक पावलात एक पॅराबोला काढतो, आणि हे पॅराबोले एकमेकांना कसे भेटतात हे तपासले की कोष्टकातल्या वक्राचे बिंग फुटते. पावलाच्या सुरुवातीला नियमाचा चढ असतो दोन खंडांच्या बेरजेचे अर्धे. पावलाच्या शेवटी तो होतो पुढच्या खंडाची तिप्पट वजा मागचा खंड, त्याचे अर्धे. वीस अंशांशी डावीकडून येणारा चढ १९.५, उजवीकडे निघणारा चढ १९.५. जोड निर्दोष. तीस अंशांशी डावीकडून येतो १८.५ आणि उजवीकडे निघतो १८. तिथे कोपरा आहे. खंड पूर्णांकात घेतल्यामुळे असे झाले असेही नाही: अचूक ज्या घेऊन तोच नियम लावला तरी तीस अंशांशी चढ १८.३३ वरून १८.०५ वर उडी घेतो, आणि मग वीस अंशांचा निर्दोष जोडसुद्धा बिघडतो. खंडांचे फरक समान असतील तिथेच जोड बसतो, आणि ज्यांचे ते तसे नसतात. भास्कराचार्यांना हे काही अडचणीचे नव्हते. त्यांना किमती हव्या होत्या, आणि त्या पाव एककाच्या आत मिळत होत्या. अडचण आहे ती कोष्टकात वक्र आधीच बसलेला आहे असे सांगणाऱ्यांची. दहा बिंदूंतून गुळगुळीत वक्र जातात, अगणित जातात. पण त्यांतला ज्यावक्र कोणता, हे दहा बिंदू सांगत नाहीत.

मग भास्कराचार्यांपाशी तात्कालिक गती आली कुठून? कोष्टकातून नक्कीच नाही. त्या जागी ते कोष्टकाचा खंड टाकून देतात आणि पहिल्या खंडाला त्या स्थानच्या कोटिज्येने गुणून त्रिज्येने भागतात. कोटिज्या येते वर्तुळाच्या भूमितीतून. ज्येच्या अवकलजाच्या जागी कोटिज्या बसवण्याची ही चाल खरी, आणि ती कोष्टकाबाहेरच्या माहितीवर उभी आहे. त्यामुळे बापूदेवांचे म्हणणे स्पॉटिसवुडने मान्य केले त्याहून एका बाजूने जास्त भक्कम ठरते. अतिसूक्ष्म राशी दिसत नाहीत हा आक्षेपही आता तितका धारदार राहत नाही, कारण व्हिटनीची अट सांत फरकांतच लिहिलेली आहे. भास्कराचार्यांपाशी नाही ती गोष्ट वेगळी: फरक एका किमतीकडे जातात की नाही हा प्रश्नच तिथे विचारलेला नाही. वर्तुळाच्या बाबतीत तो विचारण्याची गरजही पडली नव्हती.

समजाचे दुसरे अंग आणखी चिवट आहे, कारण एका मोठ्या वर्गापुरते ते खरे आहे. वैश्लेषिक फलने, म्हणजे प्रत्येक बिंदूभोवती आपल्या टेलर श्रेढीइतकीच असणारी फलने, एका छोट्या अंतरालावर कळली की सगळीकडे कळतात. तिथे शितावरून भात खरोखर कळतो. शाळा-कॉलेजात भेटणारी बहुपदी, ज्या, कोटिज्या, घातांकी फलने सगळी या वर्गातली असल्याने सगळी फलने अशीच असतात असे वाटू लागते. पण गुळगुळीत आणि वैश्लेषिक यांत किती अंतर आहे, हे कोशीने १८२० च्या दशकातच दाखवले होते. क्ष शून्य किंवा ऋण असताना शून्य, आणि क्ष धन असताना ई चा (उणे १/क्ष) हा घात, असे फलन घ्यावे. ते पूर्ण गुळगुळीत आहे. शून्याशी त्याचे सगळे अवकलज शून्य आहेत, आणि तरी उजवीकडे पाऊल टाकताच ते शून्य राहत नाही. डावी अर्धरेषा शून्यमय असलेल्या फलनाचे गुळगुळीत विस्तार म्हणूनच अगणित. एक विस्तार हाती आला की त्यात वरच्या फलनाची कोणतीही पट मिळवून दुसरा करता येतो.

याचा पुरावा वाराणसीतच एका ताऱ्याच्या गणितात पडलेला आहे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांच्याकडे काम करायला १९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य वाराणसीत आले, आणि १९४३ मध्ये प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे त्यांचे उत्तर ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. न चमकणाऱ्या ताऱ्याचे श्वार्ट्‌झशिल्डचे जुने उत्तर एकाच आकड्यावर, वस्तुमानावर, चालते. वैद्यांच्या उत्तरात, आज ते ज्या रूपात लिहितात त्या रूपात, त्या आकड्याच्या जागी काळाचे एक फलन येते, जे वाढत नाही. बाकी ते स्वैर असते. तारा एका क्षणापर्यंत शांत होता आणि नंतर चमकू लागला, असे धरावे. त्या क्षणापर्यंत वस्तुमानाचे फलन अचल, नंतर घटते, आणि जोड पूर्ण गुळगुळीत असू शकतो. हे फलन वैश्लेषिकच असले पाहिजे अशी सक्ती केली, तर शांत तारा कधीच चमकू शकणार नाही: अंतरालभर अचल असलेले वैश्लेषिक फलन कायम अचल राहते. भूतकाळाच्या तुकड्यात भविष्य दडलेले असते असे म्हणणाऱ्यांना हा तारा पुरेसा आहे.

इथे प्रतिपक्ष एक पाऊल मागे घेतो. विस्तार अनेक असू देत, म्हणतो, पण एक ठरावीक, सोपा नियम नेमून त्यांतला एक निवडता येईल, आणि मग व्यवहारात फरक काय उरतो? अर्धरेषेपुरते हे बरोबर आहे. फलन शून्यापर्यंत आणि शून्याच्या डावीकडे दिलेले असेल, तर उजवीकडच्या क्ष शी किंमत म्हणून उणे क्ष वरच्या किमतीची तिप्पट वजा उणे दोन क्ष वरच्या किमतीची दुप्पट घ्यावी. शून्याशी किमती जुळतात, कारण तीन वजा दोन एक. पहिला अवकलजही जुळतो, कारण उणे तीन अधिक चार एक. आरशातली प्रतिमा घ्यावी, पण दोन आरसे असावेत आणि एकाचे वजन उणे असावे, असा हा प्रकार. दुसरा अवकलज जुळवायचा तर तिसरा आरसा लागतो. रॉबर्ट सीली याने १९६४ मध्ये दोनाच्या घातांवर अनंत आरसे लावून सगळे अवकलज एकदम जुळवले. नियम रेषीय आहे, संतत आहे, फलनागणिक बदलत नाही.

संच लहान केला की मात्र हा दिलासा संपतो. अर्धरेषेऐवजी एकच बिंदू घ्यावा, आणि त्या बिंदूशी सगळ्या अवकलजांच्या किमती सांगाव्यात. एमिल बोरेल याने १८९५ मध्ये सिद्ध केले की कोणतीही किमतींची मालिका दिली, कितीही भराभर वाढणारी, तरी तेच अवकलज असलेले गुळगुळीत फलन असते. पण ते निवडण्याचा रेषीय आणि संतत नियम असू शकत नाही. मित्यागिनने १९६१ मध्ये हे नोंदवले. कारण चार ओळींत मावते. असा नियम असता, तर उणे १ ते १ या पट्ट्यातली विस्ताराची मोठ्यात मोठी किंमत दिलेल्या मालिकेतल्या पहिल्या काही मोजक्या पदांनी बांधली गेली असती. ती पदे शून्य ठेवून त्यांच्या पुढचे एक पद १ धरावे. बंधन म्हणते, विस्तार पट्ट्यात सगळीकडे शून्य. मग त्याचा तो अवकलजही शून्य, आणि तो तर १ हवा. म्हणजे तुकडा लहान म्हणून काम सोपे, हाही भ्रमच. अर्धरेषेसाठी एक नियम सगळ्या फलनांना चालतो, एका बिंदूसाठी चालत नाही.

बिंदू सांत असतील तेव्हा विस्तार असतो की नाही हा प्रश्न उरत नाही, बहुपदीसुद्धा पुरते. तिथे विचारायचे ते हे की अवकलज किती मोठा होऊ न देता काम भागेल. वाराणसीत राजघाटाला गंगेची पातळी मोजतात. इशारा पातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची ७१.२६२, १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरवर गेले होते. तासातासाने घेतलेल्या तीन नोंदींत पाणी आधी ४ सेंटिमीटर आणि मग १० सेंटिमीटर चढले असे मानावे. दुसरा भागित फरक निघतो ३, आणि त्याची दुप्पट ६. मधला वक्र कोणीही, कसाही काढो, तो दोनदा गुळगुळीत असेल तर कोणत्या तरी क्षणी चढण्याचा वेग तासाला बरोबर ६ सेंटिमीटरने वाढत असलाच पाहिजे. ६ हा आकडा कमाल म्हणून गाठणे शक्यही आहे, कारण पॅराबोला सगळीकडे तोच देतो. तीन नोंदींतून खात्रीने एवढे निघते. चौथ्या तासाबद्दल त्यांतून काहीच निघत नाही. पाणी धोक्याच्या रेषेला अमुक वाजता लागेल असे जो सांगतो, तो प्रयागराजकडच्या पाण्याची, पावसाची, धरणांच्या सोडण्याची माहिती वापरतो, आणि वापरायलाच हवी. राजघाटाच्या तीन आकड्यांतून तो ते सांगत असेल, तर त्याला गणिताचा आधार नाही.

रेषेवर हे इतके स्वच्छ जमते, कारण रेषेवरच्या बिंदूंना क्रम असतो आणि कोणताही भागित फरक लगतच्या बिंदूंवरच्या फरकांची भारित सरासरी असतो. प्रतलावर लगतचा बिंदू कोणता, हेच ठरत नाही. तिथे व्हिटनीने स्वतःच अवकलजांच्या किमतीही सोबत दिलेल्या आहेत असे धरून प्रमेय सिद्ध केले. नुसत्या किमतींवरून विस्तार ओळखण्याचा प्रश्न त्यानंतर सत्तर वर्षे रेंगाळला. ज्यांच्या पहिल्या अवकलजाचा बदल अंतराच्या प्रमाणात राहतो अशा फलनांसाठी ब्रुडनी आणि श्वार्ट्समन यांनी किती बिंदूंचे गट तपासले म्हणजे पुरे, याचा नेमका आकडा काढला: रेषेवर ३, प्रतलावर ६. कोणत्याही मितीसाठी आणि कोणत्याही म साठी उत्तर चार्ल्स फेफरमन यांनी २००५ आणि २००६ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये दिले. मेरियँचा निष्कर्ष मात्र रेषेपुरताच राहिला. वरच्या मितींत प्रत्येक म साठी विस्तार असूनही एकच पूर्ण गुळगुळीत विस्तार नाही, अशी उदाहरणे व्हिएस्लाव पावलुत्स्की यांनी दिली आहेत.